सरगरवाडीचा दुसरा बिरा

“ताई, म्या मेल्यालो न्हाय. तेवडं तुमच्या त्या मशिनीत लिवून घ्या,” एवढं बोलून तो माणूस आमच्या ऑफिसच्या दाराशी ठेवलेल्या खुर्चीत बसला, आणि मग बराच वेळ त्याला पुढचं काही बोलता येईना.

तीन मजले चढून आला होता. आमची लिफ्ट वर्षातले आठ महिने बंदच असायची. त्याचे ओठ निळसर पडले होते आणि मानेवरची शीर उडताना दिसत होती. मागोमाग त्याची बायको आली. तिच्या हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी होती. तिनं पदरानं त्याला वारा घालायला सुरुवात केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं उठून पाणी आणलं.

“कुणी सांगितलं तुम्ही मेलात म्हणून?” मी विचारलं.

“दवाखान्यात सांगितलं. कलशेट्टी सायेब म्हनले, माज्या हातात काय न्हाय, मशीनच तुला घेईना. ज्यांनी मशीन केलं तेंच्याकडं जा.”

मशीन मी केलं होतं.

ही सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात देगावकर सरांची चौदा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी होती आणि तिच्यात सरांच्या खालोखाल मी. वय अठ्ठावीस, आणि डोक्यात हवा भरपूर. ज्या दवाखान्याचं तो बोलत होता, ते एका न्यासाचं हृदयाचं रुग्णालय. तिथे वर्षातून दोनदा चेन्नईहून डॉक्टरांचं पथक यायचं आणि तीन दिवसांत चोवीस ऑपरेशनं फुकट करून जायचं. पूर्वी ही चोवीस नावं कागदावर लिहिली जात. मग कुणा पुढाऱ्याचा फोन आला की यादीतलं एक नाव खाली सरके आणि भलतंच वर चढे. या वशिल्याला वैतागून न्यासानं ठरवलं, की यादी कॉम्प्युटरमधूनच निघेल, त्यात नसलेल्या माणसाला टेबलावर घ्यायचं नाही. ते काम आमच्याकडे आलं. आणि खरं सांगते, त्या यादीत त्यानंतर एकही वशिला शिरला नाही.

मी त्याचे कागद घेऊन माझ्या जागेवर बसले. बिरा रामा सरगर. गाव सरगरवाडी, तालुका सांगोला. जन्मतारीख १ जून १९६८. नोंदणीच्या पानावर हे सगळं भरलं, बटण दाबलं, आणि लाल अक्षरं उमटली: ‘ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. स्थिती: मयत.’

“तुमचं आधी इथे काही झालं होतं का? ऑपरेशन वगैरे?”

“माजं न्हाय. आमच्या वाडीतला थोरला बिरा. तेचं झालं हुतं दोन वर्साखाली. तितंच गेला बिचारा.”

“त्याचंही आडनाव सरगर?”

तो पहिल्यांदाच हसला. “ताई, सरगरवाडीत दुसरं कोन ऱ्हातंय?”

“आणि त्याची जन्मतारीख?”

“आमची समद्यांची एकच की. आमच्या आयांना काय तारखा ठावं हुत्या का? गुर्जींनी एका दिवशी वाडीतली धा-बारा पोरं धरून साळंत घातली, अन् समद्यांना येक जून लावून टाकली. वाडीत बिरोबाचं देऊळ, म्हनून घरटी येक बिरा. तेंच्यातलं आमी पाच बिरा येकाच दिवशी जल्माला आलो.”

चूक कुठे आहे ते मला तिथल्या तिथे कळलं. ती कुणा दुसऱ्याच्या गळ्यात मारावी अशीही नव्हती.

हे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या धंद्यात कुठलंही काम सुरू करताना आधी साचे बनवावे लागतात. त्याला मॉडेल म्हणतात. माणसाचा साचा म्हणजे नाव, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव. आणि त्या साच्याला नियम जोडलेले असतात, की अमुक रकाना रिकामा ठेवायचा नाही, तमुक तारीख पुढची चालणार नाही. नियमात न बसणाऱ्याला साचा आत घेत नाही. तीन वर्षांपूर्वी एका दूध संघाच्या निवडणुकीसाठी सभासदांची यादी करायचं काम आलं, तेव्हा मी ‘व्यक्ती’ नावाचा साचा पहिल्यांदा लिहिला. त्या संघात बोगस सभासदांचा सुळसुळाट होता. एकच माणूस बापाचं नाव बदलून तीन-तीनदा नोंदवलेला. म्हणून मी नियम केला, की मधलं नाव बघायचंच नाही. नाव, आडनाव, जन्मतारीख आणि गाव या चार गोष्टी जुळल्या की तो एकच माणूस समजायचा आणि दुसऱ्याला दारातून परत पाठवायचं. पहिल्या दिवशी चारशे बारा बोगस सापडले. पेपरात बातमी आली. सरांनी पेढे वाटले आणि माझी पाठ थोपटली.

त्या दिवसापासून मला चेवच चढला. प्रत्येक नव्या कामात मी तोच साचा वापरायला लावला. नव्या मुलांना उभी राहून लेक्चर द्यायची: “एकदाच नीट लिहा आणि सगळीकडे वापरा. माणूस दूध संघात गेला काय, शाळेत गेला काय, माणूस तो माणूसच.” बघता बघता अकरा कामं त्या एका साच्यावर उभी राहिली. दवाखान्याचं त्यांतलंच एक.

आणि माझ्या वडिलांची जन्मतारीख एक जून. माझ्या दोन्ही काकांची एक जून. मोठ्या आत्याची एक जून. आमच्या घरात दरवर्षी त्या दिवशी, आज निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस, म्हणून थट्टा चालायची आणि त्या थट्टेत मी पुढे असायची. तरी नियम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. कॉम्प्युटरपुढे बसले की मी कुणी निराळीच व्हायची, जिला घर नव्हतं आणि काकाही नव्हते. आणि दूध संघातल्या त्या चारशे बारांत खरोखरचे बोगस किती आणि सरगरवाडीसारखे किती, हेही मी कधी तपासायला गेले नाही.

“ताई,” बिरा म्हणाला, “हुईल न्हवं?”

“होईल की. त्यात काय!” मी म्हणाले. “तुम्ही बसा.”

त्याची बायको, पारूबाई तिचं नाव, हळूच म्हणाली, “परवापासनं डाक्टर येत्यात बाई. उद्या पाच वाजता यादी बंद म्हन्त्यात. पुन्हा सा म्हयन्यांनी.” मग आवाज आणखी खाली आणून, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, “सा म्हयनं निघत न्हाईत म्हनून सांगितलंय मोठ्या डाक्टरनी.”

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

देगावकर सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. फक्त निवडणुकीनंतर दूध संघाच्या हरलेल्या गटानं यादीवरून कोर्टात ओढलं होतं, तेव्हापासून ते सॉफ्टवेअरला हात लावायला घाबरत. चालू सर्व्हरचा पासवर्ड त्यांनी एकट्याकडे ठेवला होता.

“सर, ‘व्यक्ती’च्या साच्यातला एक नियम बदलायचाय. आजच.”

“कुठला?”

मी सांगितलं. बिराचं सांगितलं. ते पेन खाली ठेवून ऐकत होते.

“म्हणजे मधलं नाव धरायचं,” ते म्हणाले. “मग दूध संघात?”

“दूध संघात जुनाच ठेवू. फक्त दवाखान्यासाठी वेगळा करू.”

“आणि मग उद्या शाळेसाठी वेगळा, परवा ग्रंथालयासाठी वेगळा. अहो मॅडम, हे लेक्चर तुमचंच आहे ना? एक ठिगळ लावलं की साचा गेला, असं पोरांना तुम्हीच सांगता. कोर्टात तारीख आहे पंधरा दिवसांनी. अशा वेळी नियम बदलला असं त्या वकिलाला कळलं तर तो माझं काय करील? तुम्ही रीतसर करा. आधी लिहून काढा, अकराच्या अकरा ठिकाणी तपासून बघा, मग घालू. महिनाभर लागेल.”

“सर, त्याच्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ आहे.”

“मग न्यासाकडून पत्र आणू दे. त्यांच्या सचिवांनी सही करून दिलं, तर फक्त हा एक माणूस मी हातानं आत घालतो.”

मी रुग्णालयात फोन लावला. नोंदणीवरचे इरण्णा कलशेट्टी भला माणूस. ते म्हणाले, “सचिवसाहेब पुण्याला गेलेत की ओ मॅडम, लग्नाला. सोमवारी येतेत. मी काय करू सांगा? मी तर त्या माणसाला डोळ्यांनी बघतोय जिवंत हाय म्हणून, पण घेईनाच की ओ तुमचं ते.”

परत आले तेव्हा बिराला जरा बरं वाटत असावं. तो आमच्या शिपायाच्या शर्टाची कॉलर निरखत होता. वाडीत त्याचं शिवणकाम होतं. लग्नसराईत तीन गावांचे कपडे त्याच्याकडे येत.

“पाच बिरा आहेत तर तुम्ही कपडे कुणाचे ते कसं ओळखता?” मी उगाच विचारलं. मला थोडा वेळ हवा होता.

“वहीत म्या नावच लिवत न्हाय ताई. छाती अडतीस, खांदा साडेसतरा, डावी बाजू उतरती, की झाला मळ्यातला बिरा. नावाचा काय उपेग? माप कदी दोगांचं येक नसतं.” मग माझ्याकडे पाहून संकोचानं म्हणाला, “तुमच्या कुडत्याला उजव्या खांद्यात अर्दा इंच दाबलंय त्यानं. वडत असंल.”

ओढत होतंच. हा माणूस दोन मिनिटांत जे बघू शकत होता ते माझ्या साच्याला तीन वर्षांत दिसलं नव्हतं, याचा मला राग आला, आणि त्या रागाच्या भरात मला युक्ती सुचली. इतकी सोपी युक्ती, की मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

दवाखान्याच्या वेबसाइटवर एक फॉर्म होता. रुग्ण घरबसल्या स्वतःच भरू शकेल असा. मी तो उघडला आणि सगळं जसंच्या तसं भरलं. फक्त जन्मतारखेत एकच्या जागी दोन घातला. २ जून १९६८. चारांतली एक गोष्ट जुळेनाशी झाली. बटण दाबलं. हिरवी खूण उमटली: ‘नोंदणी झाली.’ हृदयाच्या झडपेचा अहवाल जोडला, तसा त्याचा यादीत सतरावा नंबर आला.

“झालं!” मी म्हणाले.

पारूबाईनं तिथेच, फरशीवर, माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरकले. बिरा उठून उभा राहिला होता, आणि माझ्या खांद्यावरून त्या हिरव्या खुणेकडे बघत होता. त्याला ती वाचता येत होती. सातवी शिकला होता.

“सतरावा,” तो म्हणाला. “म्हंजी ऐतवारी यील नंबर.”

“उद्या सकाळी कागद तपासायला दहा वाजता जा. आणि हे बघा,” मी आवाज उतरवला, “तारीख मी एक दिवस पुढची घातलीय. त्याशिवाय ते घेत नव्हतं. कुणी विचारणार नाही. पण विचारलंच, तर माझं नाव काढू नका. फॉर्म तुम्हीच भरला असं सांगा. नाहीतर माझी नोकरी जाईल.”

“न्हाय काडनार ताई,” तो म्हणाला, आणि त्यानं दोन बोटांनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. “ह्या गळ्याशपत.”

जिना उतरताना तो दर चार पायऱ्यांनी थांबत होता. मी वरून बघत होते. मला फार बरं वाटत होतं. आजवर एवढ्या फाइली लिहिल्या, पण माझ्या हातून एखाद्याचा जीव वाचतोय असं कधी वाटलं नव्हतं. घरी जाताना मी आईसाठी गजरा घेतला.

कलशेट्टींना फोन करून सांगून ठेवावं, हे मनात आलं होतं. ‘एका दिवसाचा फरक दिसेल, कानाडोळा करा’ एवढंच तर सांगायचं. पण मग त्यांना कळलं असतं की हे मी केलं. शिवाय मला खात्रीच होती, एक काय आणि दोन काय, ते चालवून घेतील. नाही केला फोन.

गुरुवारी दुपारी तीन वाजता, चहा पिता पिता, मी सहज यादी उघडली. सतराव्या नंबरवर कुणी शबाना मुजावर होती. मी वरपासून खालपर्यंत चोवीस नावं वाचली. मग पुन्हा वाचली. चहाचा कप बाजूला सारून मी त्याचं नाव शोधायला घेतलं.

बिरा सापडला तो ‘संशयित’ नावाच्या पानावर. नावापुढे कुलूप, आणि खाली ओळ: ‘कागदपत्रावरील जन्मतारीख जुळत नाही. तीस दिवस नोंदणी बंद.’

हा नियमही माझाच होता. दूध संघात बोगस माणूस एकदा पकडला गेला, की तो तारीख एका दिवसानं मागेपुढे करून पुन्हा फॉर्म भरायचा. हीच युक्ती. म्हणून मी ठरवलं होतं, की कागद तपासणाऱ्यानं कागदावरची तारीख स्वतः टाइप करायची, आणि ती जुळली नाही तर त्या माणसाला महिनाभर कुलूप घालायचं. कलशेट्टींनी कानाडोळा करायचा म्हटलं तरी त्यांना ते करता येऊ नये, असाच तो नियम लिहिला होता मी. तीन वर्षांत त्या फाइलीचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदाच लिहा आणि सगळीकडे वापरा, म्हणजे पुन्हा वाचायला नको, असंच मी धरून चालले होते.

मी धावत सरांकडे गेले.

“सर, कालचा तो माणूस. त्याला कुलूप लागलंय. ते काढा. पाचच्या आत.”

सरांनी स्वतःच्या स्क्रीनवर त्याचं नाव काढलं. चष्मा वर केला.

“दोन जून? काल तुम्ही एक जून म्हणालात.”

“हो.”

“मग हे दोन जून कुणी घातलं?”

त्या वेळी खिडकीबाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न सारखा वाजवत होतं, ते मला अजून ऐकू येतं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. ते फक्त उत्तराची वाट बघत होते. खरं सांगितलं असतं तर ते चिडले असते, आरडाओरडा केला असता, कदाचित मला घरी बसवलं असतं. पण कुलूप काढलं असतं. आज मला याची पुरती खात्री आहे. तेव्हाही होती.

“त्यानंच घातलं असेल,” मी म्हणाले. “ऑनलाइन भरलेला दिसतोय.”

सरांनी चष्मा खाली घेतला. “मग मॅडम, खोटी तारीख घालून आत शिरणाऱ्यासाठी मी कुलूप काढू? पंधरा दिवसांनी कोर्टात मी काय सांगणार आहे? की आमचं कुलूप कुणासाठी उघडत नाही. सॉरी. सोमवारी सचिवांशी बोला.”

मी आणखी दोनदा विनवलं. पण ‘मी घातलं’ हे दोन शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत. पाच वाजले. यादी बंद झाली.

शुक्रवारी सकाळी मी रिक्षानं रुग्णालयात गेले. आवारात चेन्नईच्या डॉक्टरांच्या स्वागताचा मांडव घातला होता. कलशेट्टी मला बघून उठले. म्हणाले, “गेला की ओ काल दुपारीच, सांगोल्याच्या गाडीनं. काय करायचं? पेशंट लोकं पण काय काय करतेत बघा. ऑगस्टात या म्हणलो.” मी तिथे अर्धा तास उभी होते. मग ऑफिसला उशीर होतो म्हणून निघाले.

त्यानंतरचे दोन महिने मी जे काम केलं तसं आयुष्यात केलं नाही. सगळे नियम साच्यातून सोडवून बाहेर काढले. साचा एकच ठेवला, पण कुठला नियम कुठे लागू करायचा हे ज्याच्या त्याच्या कामावर सोपवलं. दवाखान्यात माणूस जुळल्यासारखा वाटला, तर मशीननं फक्त विचारायचं, ‘हा तोच आहे का?’ आणि उत्तर समोर बसलेल्या माणसानं द्यायचं. मयत हा शब्द पडद्यावर येण्याआधी दोन माणसांनी खात्री करायची. अकराही ठिकाणी तपासून झालं. कोर्टाची तारीख एकदाची पार पडली होती. सरांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, “हे आधीच असं असायला हवं होतं, नाही?” एप्रिल संपता संपता ते सुरू झालं. कुलूप तर कधीच निघालं होतं. मी कलशेट्टींना फोन केला, म्हटलं, त्या सरगरवाडीच्या बिराला ऑगस्टसाठी आजच नोंदवून घ्या, आता घेईल.

“तो?” कलशेट्टी म्हणाले. “तो गेला की ओ मॅडम. पंधरा दिवस झाले.”

मे महिन्यातल्या एका रविवारी मी सांगोल्याची गाडी धरली. तिथून सहा आसनी रिक्षानं फाट्यापर्यंत, आणि पुढे चालत. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कबूल करावं असं वाटत होतं. कुणीतरी मला शिव्या घालाव्यात, निदान तोंडावर दार लावावं, असं वाटत होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. ‘पारूबाई, मशीनची चूक नव्हती. डॉक्टरांची नव्हती. माझी होती.’

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर पोतं पांघरलेलं. पारूबाई अंगणात बाजरी निवडत होती. तिनं मला लगेच ओळखलं. उठून घोंगडं अंथरलं.

“बसा बाई. उनाचं आलाव.”

मी बसले. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “त्या दिवशी काय झालं?” एवढंच विचारलं.

ती बाजरीत बोटं फिरवत सांगू लागली. “कलशेट्टी सायबांनी इचारलं, ह्यो फारम कुनी भरला? हे म्हनले, म्या भरला. सायेब म्हनले, तारीक कुनी सांगितली? हे म्हनले, म्याच. मग तेंनी मोठ्या डाक्टरला बोलावलं. डाक्टर लई भला मानूस. खुर्ची वडून हेंच्याम्होरं बसला. म्हनला, बाबा, खरं सांग, ही चुकी तुजी न्हाय. कुनीतरी भरून दिलाय तुला. नाव सांग, म्या आत्ता फोन लावतो, आत्ता नीट करतो. तीनदा इचारलं बाई त्यानं. म्या हेंचा सदरा वडला मागनं. सांगा म्हनलं, जिवापरास काय हाय का? ह्ये आपलं येकच, म्याच भरला, म्याच भरला.”

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

“येताना गाडीत म्या लई भांडले. तर म्हनले, पोरीनं आपल्यापायी केलं, तिच्या पोटावर कसा पाय देऊ? शबूद दिलाय.”

मला एकदम आठवलं. सरांच्या केबिनमधली ती दुपार, तो हॉर्न, आणि माझं ‘त्यानंच घातलं असेल’ हे वाक्य. दोन किलोमीटरच्या अंतरावर, एकाच दिवशी, आम्ही दोघांनी एकच गोष्ट सांगितली होती. हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं, ते आता तिच्या अंगणात कळलं. मी तोंड उघडलं. सांगायचंच होतं.

पण तिनं माझ्याकडे वर बघितलं. नजरेत काळजी होती, खरीखुरी. माझ्यासाठी.

“मग बाई,” ती म्हणाली, “ऱ्हायली न्हवं तुमची नोकरी?”

“राहिली,” मी म्हणाले.

“बरं झालं बाई. तेवडं तरी झालं,” असं म्हणून ती माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.